मुजावरसरांची केरसुणी

मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा असेन तर मुजावरसरांचा. आईवडिलांचं ऋण वेगळं. त्यांनी मला वाढवलं, आष्ट्याच्या शाळेत घातलं, पुढं सांगलीला पाठवलं. पण शिकणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मला विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात, दोन खोल्यांच्या संगणक विभागात, सरांनी दाखवलं.

सर आटपाडीचे. त्यांचे वडील पिंजारी होते. खांद्याला धनुकली अडकवून ते गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. सर शिकले, अगदी मुंबईपर्यंत जाऊन शिकले, पण आटपाडीचा माळ त्यांच्या अंगातून गेला नाही. तो माळ विंचवांचा. तिकडचा माणूस पायताण झटकल्याशिवाय त्यात पाय घालत नाही. सरांनी ती सवय सांगलीला आणली.

संगणकाच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून सगळ्यांनी बूट बाहेर काढायचे, असा नियम होता. त्यामुळं संध्याकाळी सर बाहेर पडताना जे काही करत ते सगळ्या कॉलेजला दिसायचं. आधी डावा बूट पायरीवर आपटायचा, पालथा करायचा, आत वाकून बघायचं, मग उजवा. पाच मिनिटांपूर्वी काढलेला बूट असला तरी हेच. यंत्रशास्त्राचे एक प्राध्यापक एकदा म्हणाले, "मुजावर, विश्रामबागेत विंचू नाहीत हो."

सर बुटात बघत म्हणाले, "तुम्ही कवा बघितलंय?"

त्यांचं सगळंच असं होतं. फळा स्वच्छ पुसलेला असला तरी लिहिण्याआधी ते पुन्हा पुसायचे. चहाचा कप हातात आला की पालथा करून बघायचे आणि मगच त्यात चहा ओतू द्यायचे. भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, यावरून त्यांची फार चेष्टा करायच्या. मी घरी गेलो की मला ऐकवायच्या, "आवं, ह्येंनी लग्नात काय केलं म्हाईत हाय का? काजी बसलेत, समदी पावनी बसलीत, आन नवरदेव मांडवात उभा ऱ्हाऊन नवंकोरं जोडं खांबावर आपटतोय! माझ्या मामानं हळूच इचारलं, पोरगं बरं हाय न्हवं?"

सर शांतपणे म्हणायचे, "नवं म्हणजे काय? दुकानात किती दिवस पडून होतं ते जोडं, कुणाला ठाऊक? रिकामं दिसतं ते रिकामं असतंच असं नाही."

हे शेवटचं वाक्य आम्ही रोज ऐकायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, सर विंचवाबद्दल बोलतात. ते संगणकाबद्दल बोलत होते.

आमचं यंत्र कपाटाएवढं होतं. त्याची मेमरी मोहरीएवढ्या बारीक लोखंडी कड्यांची होती आणि यंत्र बंद केलं तरी त्या कड्या आपलं काही विसरत नसत. काल कुणी काय लिहिलं ते आज सकाळी तसंच. मेमरी म्हणजे नंबर घातलेल्या कप्प्यांची एक लांब रांग. एखाद्या कप्प्यात नुसता आकडा असतो, तर एखाद्यात दुसऱ्या कप्प्याचा पत्ता. आता नव्या भाषेत त्याला पॉइंटर म्हणतात. सर पत्ताच म्हणायचे. रांगेतल्या पहिल्या माणसाचा पत्ता ज्या कप्प्यात असतो, त्याला ते 'म्होरक्या' म्हणायचे.

हे त्यांनी आम्हाला फळ्यावर शिकवलं नाही. शेजारच्या प्राथमिक शाळेतून पाट्या मागून आणल्या आणि आम्हाला कॉलेजच्या मैदानात उभं केलं. प्रत्येक मुलगा म्हणजे एक कप्पा, त्याच्या हातात पाटी, पाटीवर रांगेतल्या पुढच्या मुलाचा नंबर. मला म्होरक्या केलं. एक खेळ झाला, दुसरा सुरू झाला. सरांनी विचारलं, "म्होरक्या, रांग कुणापासून सुरू होते?"

माझ्या पाटीवर सात होतं. मी खड्या आवाजात म्हणालो, "सात!"

सातव्या नंबरचा मुलगा पाणी प्यायला गेला होता. त्याच्या जागेवर कॉलेजचं कुत्रं येऊन झोपलं होतं. सर तिथपर्यंत चालत गेले, कुत्र्यासमोर वाकले आणि अदबीनं म्हणाले, "आपलं नाव सांगता का?"

सगळे पोट धरून हसले. सर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला सात कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सर. पाटीवर होतं."

"कुठनं आलं?"

"मागच्या खेळातलं राहिलं असेल."

"मग? पाटीवर असणं आणि तुला सांगितलेलं असणं एकच का रं?"

"नाही सर."

"आधी पूस. पुसून शून्य लिही. शून्य म्हणजे अजून कुणीच आलेलं नाही. मग माझं ऐक. आधी झटकायचं, मग वापरायचं."

त्या दिवशी मला लाज वाटली. पण तो धडा जो बसला तो बसला.

विद्यार्थ्यांच्या चुका निस्तरून कंटाळा आला तेव्हा सरांनी एक युक्ती केली. छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर एक छोटासा प्रोग्रॅम तयार केला. ती पट्टी यंत्राला आधी भरवायची. ती सगळ्या कप्प्यांत शून्य लिहून मोकळी व्हायची, मग आपला प्रोग्रॅम चालवायचा. सरांनी तिचं नाव ठेवलं केरसुणी. दारामागच्या खिळ्याला ती टांगलेली असायची. सकाळी यंत्र सुरू केलं की सर म्हणायचे, "केर काढा रं." दर प्रोग्रॅमच्या आधी केर निघायचा. आमचं घर एकदम स्वच्छ होतं.

पदवी मिळाल्यावर मी सरांच्याच हाताखाली लागलो आणि त्याच सुमाराला सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यानं आमच्यासारखंच यंत्र घेतलं. त्यांना उसाच्या तोडीचा क्रम लावून हवा होता.

तोड म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. हंगाम सुरू झाला की प्रत्येकाचे डोळे एकाच गोष्टीकडे, आपली तोड कधी येते. ज्यानं लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी केली त्याचा ऊस आधी तुटायला हवा. तो वेळेवर तुटला नाही तर तुरा येतो, ऊस वाळतो, वजन घटतं, आणि वर्षभराची मेहनत रानात उभी राहते. नियम सगळ्यांना पाठ होता आणि तो पाळला जात नाही हेही सगळ्यांना पाठ होतं. कुणी संचालकाचा मेव्हणा, कुणी अधिकाऱ्याच्या गावचा. कारखान्याच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "यंत्राला नातेवाईक नसतात. तुम्ही क्रम लावून द्या. भर सभेत छापून देऊ."

सरांनी ते काम फुकट घेतलं. म्हणाले, "गड्या, आजवर आपण वर्गातली गणितं सोडवली. हे खरं आहे." क्रम लावायचा मुख्य भाग त्यांनी स्वतः लिहिला. सगळ्या उत्पादकांची गाव, गट, लागणीची तारीख अशी माहिती पट्ट्यांवर उतरवून घेतली. विश्रामबागेत आम्ही तो प्रोग्रॅम किती वेळा चालवला त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी क्रम चोख.

कारखान्याच्या सभेला आम्ही दोघं एसटीनं गेलो. गोदामात सतरंज्या अंथरल्या होत्या, माणसं भिंतीपर्यंत बसली होती. शेजारच्या खोलीत यंत्र धडधडलं, कागद बाहेर आला आणि शेती अधिकाऱ्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. पहिलं नाव ऊस समितीच्या एका संचालकाचं. दुसरं दुसऱ्या संचालकाचं. तिसरं, चौथं. समितीचे चारही संचालक रांगेत सगळ्यात पुढं.

गोदामात कुजबुज सुरू झाली. मग मागून एक आवाज आला. पांढऱ्या मिशांचे, ताठ बसलेले सुभेदार होते ते, पलटणीतून निवृत्त होऊन ऊस करणारे. "आवं सर, तुमच्या मशीनला बी पावनंरावळं हायती म्हनायचं!"

जो हशा पिकला तो मी आजही विसरलेलो नाही. एक जण म्हणाला, "मशीनला चा पाजला आसंल." दुसरा म्हणाला, "सांगलीचं मास्तर मॅनेज झालं." सर मान खाली घालून कागद बघत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी सभा संध्याकाळवर ढकलली. तोवर चूक सापडली नाही तर क्रम पूर्वीसारखाच शेती ऑफिसात बसून लागणार होता, आणि पिंजाऱ्याच्या या पोरानं संचालकांची हुजरेगिरी केली ही गोष्ट गावोगाव जाणार होती.

यंत्राच्या खोलीत सरांनी प्रोग्रॅमचा कागद जमिनीवर पसरला आणि बोटानं एकेक ओळ वाचू लागले. तारखांची तुलना बरोबर. पत्ते बदलणं बरोबर. पुन्हा पहिल्यापासून. मी शेजारी बसलो होतो आणि मला एकच गोष्ट कळत नव्हती. विश्रामबागेत बरोबर आणि इथं चूक. यंत्र तसंच, पट्टी तीच. मग इथं वेगळं काय?

सहज मी ऑपरेटरला विचारलं, "आमच्या आधी यंत्रावर काय चालवलं होतं?"

"काल ऊस समितीची बैठक होती. मेंबरांची यादी छापली. याद्या छापायला तुमच्याच सरांनी आधी दिलेल्या पट्टीवर. मग मशीन बंद केलं."

मला मैदान आठवलं, आणि हातातली सात लिहिलेली पाटी.

"सर," मी म्हणालो, "आपण इथं केर काढलाच नाही. केरसुणी विश्रामबागेत खिळ्याला आहे."

सरांचं बोट थांबलं. त्यांनी कागद मागं ओढला, अगदी पहिल्या ओळी काढल्या. म्होरक्या तिथं होता. त्याला वापरलं होतं. पण सुरुवातीला त्यात शून्य लिहिलेलंच नव्हतं.

मग सगळं सुतासारखं सरळ झालं. सर प्रत्येक प्रोग्रॅमात म्होरक्यासाठी एकच कप्पा वापरत, आणि त्या कप्प्यात कालच्या समितीच्या यादीतल्या पहिल्या मेंबराचा पत्ता पडून होता. प्रोग्रॅमला वाटलं, रांगेत आधीच चार जण उभे आहेत, त्यांच्यातच बाकीच्यांना उभं करायचं. समितीच्या यादीत लागणीची तारीख कुठून असणार? त्या जागी शून्य होतं. शून्य म्हणजे सगळ्यात जुनी तारीख, म्हणून चौघं सगळ्यात पुढं. विश्रामबागेत केरसुणी आधीच शून्य लिहून ठेवायची, म्हणून तिथं ही चूक कधी दिसलीच नाही.

सरांनी त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केली. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "घरात रोज केर निघतो म्हणून मी पायताण झटकायचं सोडलं." मग माझ्याकडे बघून, "शाब्बास. तू विंचू बघितलास."

मला आयुष्यात पुढं बऱ्याच शाबासक्या मिळाल्या. त्या वाक्याची सर एकीलाही नाही.

शेती अधिकारी आत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोपं आहे सर. म्होरं चालवताना तुमची ती केरसुणी आधी लावू. आणि सभेत सांगू, यंत्रात बिघाड होता. नवीन यंत्र आहे, लोक समजून घेतील. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं?"

"यंत्राला तोंड नाही म्हणून त्याच्या अंगावर ढकलायचं?" सर म्हणाले. "आणि केरसुणी नको. दुसऱ्याच्या घरी जायचं आणि आधी तुमचं घर झाडून ठेवा म्हणायचं, ही कुठली रीत? माझ्या प्रोग्रॅमनं आपलं आपण झटकलं पाहिजे."

त्यांनी एक ओळ वाढवली. पट्टी नव्यानं छिद्रून घेतली.

संध्याकाळी गोदाम पुन्हा भरलं, सकाळपेक्षा जास्तच. तमाशा बघायला आलेली माणसंच फार होती. सर उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, "चूक यंत्राची नाही आणि संचालकांची नाही. चूक मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची आहे. माझ्याबरोबर आलेल्या या माझ्या विद्यार्थ्यानं ती शोधली."

मग त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. कप्पे, पत्ते, म्होरक्या, केरसुणी, काल छापलेली समितीची यादी. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागं कुणीतरी जांभई दिली. सरांनी बोलणं थांबवलं आणि समितीच्या चारही संचालकांना हात जोडून म्हणाले, "दादा, जरा पुढं येऊन उभं राहाल का?" चौघं अवघडून उभे राहिले. मग सरांनी सतरंजीवरचे दहा-बारा शेतकरी उठवले आणि त्यांना म्हणाले, "लागणीच्या तारखेनं रांग करा." शेतकरी साहजिकच त्या चौघांच्या मागं जाऊन उभे राहायला लागले.

"तुम्ही ह्यांच्या मागं का उभे राहिलात?" सरांनी विचारलं.

"ते आदीच हुबं हायती की!"

"त्यांना कुणी उभं केलं?"

"तुमीच की मगाशी."

"ते दुसऱ्या कामाला केलं होतं. ते काम संपलं. मी त्यांना बसा म्हणायला विसरलो."

सुभेदार ताडकन उठले. "आसं म्हना की! मागच्या परेडीचा मार्कर तसाच हुबा ऱ्हायला, आन नवी कंपनी त्याच्यावर फॉल इन झाली!" आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आरं, परेडीच्या आदी मार्कर हुबा करत्यात न्हवं? त्याच्या शेजारी समदी रांग लागती. मार्कर चुकला की आक्की रांग चुकली. पोरांची चूक न्हाई त्यात."

आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. माना हलायला लागल्या. जे सरांना अर्ध्या तासात जमलं नव्हतं ते सुभेदारांनी दोन वाक्यांत केलं, आणि सर इतके खूश झाले की त्यांनी भर सभेत त्यांना सलाम ठोकला.

पण सुभेदार एवढ्यावर ऐकणाऱ्यातले नव्हते. "सर, आमच्यादेखत करा. आदी त्या समितीची यादी छापा. मशीन बंद करा. मग पुन्यांदा चालू करा आन आमचा क्रम लावा. केर काडू नगा."

"तसंच करायचं," सर म्हणाले.

तसंच केलं. मी खोलीच्या दारात कागदाची वाट बघत उभा होतो. सर मात्र बाहेर सतरंजीच्या कडेला बूट झटकत होते. कागद आला. शेती अधिकाऱ्यांनी वाचलं. पहिलं नाव नदीपलीकडच्या वाडीतल्या अर्ध्या एकराच्या एका शेतकऱ्याचं होतं. तो सभेला आलाही नव्हता. आपला नंबर पहिला येईल असं त्याच्या मनातही आलं नसणार.

समितीतले एक संचालक वाकून विचारू लागले, "माझं नाव कुठाय?"

"शोधा आता," कुणीतरी म्हणालं. "आमी बी आजवर शोधतच हुतो." यावेळच्या हशात ते संचालकही सामील झाले.

सुभेदारांचं स्वतःचं नाव दुसऱ्या पानावर निघालं. त्यांनी चष्मा लावून ते नीट बघितलं. "मी बी लय खाली हाय की," ते म्हणाले. "पर हाय तितं बरोबर हाय." त्या हंगामाची तोड त्या कागदाप्रमाणे झाली.

सांगलीला परतल्यावर सरांनी खिळ्याची केरसुणी काढली आणि तिच्या जागी दुसरी पट्टी टांगली. ती मेमरी झाडत नसे. ती सगळ्या कप्प्यांत मुद्दाम वाटेल ते आकडे भरून ठेवायची. तिचं नाव त्यांनी ठेवलं उकिरडा. आमच्या विभागाचा नवा कायदा असा झाला की प्रत्येकाचा प्रोग्रॅम आधी उकिरड्यावर चालला पाहिजे. तिथं जो बरोबर चालला तो कुठंही चालेल. पोरं कुरकुरायची. सर म्हणायचे, "स्वच्छ घरात कोण पण शहाणा असतो." आणि आपल्या चुकीची गोष्ट ते प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायचे, सुभेदारांच्या आवाजाची नक्कल करून.

पुढं मला पुण्याला नोकरी लागली. तिथून मी सरांना जे पत्र पाठवलं त्याची नक्कल माझ्याकडे आहे. ते इथं देतो, कारण याहून चांगलं मला आजही लिहिता येत नाही.

ती. मुजावरसरांना सा. न. वि. वि.

मी इथं खुशाल आहे. आमच्या ऑफिसात परदेशातून एक नवी भाषा आली आहे. तिचं नाव फक्त एक अक्षर आहे, सी. आपल्या पत्त्याला ती पॉइंटर म्हणते. भाषा नवी आहे पण विंचू तोच आहे. लोकांच्या नोंदी ठेवणारा एक मोठा प्रोग्रॅम कधी बरोबर चालायचा, कधी एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर दाखवायचा. सगळे म्हणत होते यंत्र खराब आहे. मी साहेबांना म्हणालो, मला आधी मेमरीत उकिरडा करू द्या. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. उकिरडा केल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीलाच अडखळला. एका पॉइंटरला कुणी काही सांगितलंच नव्हतं. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलास? मी म्हणालो, सांगलीला, मैदानात, कुत्र्याच्या शेजारी उभं राहून.

सर, एक गोष्ट तुम्हाला कधी तोंडावर बोललो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. कॉलेजात आलो तेव्हा कुणाच्या शेजारी उभं राहायचं हे मला सांगणारं कुणी नव्हतं. बाकीच्या मुलांना शिकलेले वडील होते, काका होते. सुभेदार म्हणाले होते ना, मार्कर चुकला की अख्खी रांग चुकते. माझा मार्कर चुकला नाही. माझा धाकटा भाऊ यंदा तुमच्याकडे पहिल्या वर्षाला येतो आहे. माझ्या चुलत्यांची मुलगी पुढच्या वर्षी येईल. रांग लागली आहे.

भाभींना सांगा, पुण्यात मी राहतो तिथं विंचू नाहीत. तरी रोज सकाळी दारात बूट आपटतो. शेजारचे हसतात. मी त्यांना विचारतो, तुम्ही कवा बघितलंय?

आपला विद्यार्थी